इंग्रजीतले परिमाणदर्शक शब्द अचूक कसे वापरावेत: ‘मच–मेनी’पासून ‘नायदर’पर्यंत

‘माय सम फ्रेंड्स’, ‘मेनी इन्फर्मेशन्स’, ‘एनी स्टुडंट डिड नॉट कम’. मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या निबंधांत, अर्जांत आणि ईमेलमध्ये अशी वाक्ये सतत भेटतात. लिहिणाऱ्याला शब्द येत असतात, त्यांचे अर्थही पाठ असतात. चुकतो तो क्रम. आपण आधी ‘खूप’, ‘थोडे’, ‘काही’ यांना इंग्रजी शब्द शोधतो आणि मग त्यापुढे नाम ठेवतो. इंग्रजीत हे उलट्या बाजूने करावे लागते. आधी नाम पाहायचे, मग वाक्य कोणत्या प्रकारचे आहे ते पाहायचे, मग आपल्याला नक्की काय सुचवायचे आहे ते ठरवायचे, आणि शब्द सगळ्यात शेवटी निवडायचा.

मराठीत ही वेळच येत नाही. ‘खूप पाणी’ आणि ‘खूप माणसे’, दोन्हीकडे ‘खूप’ चालतो. ‘थोडा वेळ’, ‘थोडी माणसे’ यांत लिंग-वचनाप्रमाणे शेवट बदलतो, पण शब्द तोच राहतो. इंग्रजीत मात्र पाणी आणि माणसे यांच्यासाठी दोन वेगळे शब्द घ्यावे लागतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला टप्पा गाळला की पुढचा हमखास चुकतो.

## तयारी: चार गट समोर ठेवा

शाळेच्या जुन्या व्याकरणात या शब्दांना विशेषणे म्हणतात, नव्या पुस्तकांत डिटर्मिनर किंवा क्वांटिफायर. नावावरून गोंधळू नका, वापर तोच आहे. कागदावर चार गट लिहून घ्या आणि निदान सुरुवातीचे काही दिवस लिहिताना तो कागद शेजारी असू द्या.

- गट १, फक्त गणनीय (मोजता येणाऱ्या) अनेकवचनी नामांबरोबर: मेनी, फ्यू, अ फ्यू, फ्यूअर, सेव्हरल, बोथ, अ नंबर ऑफ.
- गट २, फक्त गणनीय एकवचनी नामांबरोबर: ईच, एव्हरी, आयदर, नायदर.
- गट ३, फक्त अगणनीय (मोजता न येणाऱ्या) नामांबरोबर: मच, लिटल, अ लिटल, लेस, अ ग्रेट डील ऑफ.
- गट ४, गणनीय अनेकवचन आणि अगणनीय, दोन्हींबरोबर: सम, एनी, नो, ऑल, मोस्ट, मोअर, इनफ, अ लॉट ऑफ, लॉट्स ऑफ, प्लेंटी ऑफ.

चौथ्या गटातले ‘एनी’ आणि ‘नो’ एकवचनी गणनीय नामापुढेही येतात: ‘एनी स्टुडंट’, ‘नो स्टुडंट’.

दुसरी तयारी शब्दकोशाची. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या शब्दकोशांत नामाशेजारी ‘सी’ किंवा ‘यू’ अशी खूण असते. ‘सी’ म्हणजे काउंटेबल (गणनीय), ‘यू’ म्हणजे अनकाउंटेबल (अगणनीय). बहुतेक जण अर्थ वाचून शब्दकोश मिटतात. ती खूण पाहायची सवय लावली की या विषयातल्या निम्म्या अडचणी तिथेच संपतात.

## टप्पा १: नाम मोजता येते का, ते ठरवा

नामापुढे मनात ‘टू’ ठेवून पाहा. ‘टू चेअर्स’ म्हणता येते, म्हणून ‘चेअर’ गणनीय. ‘टू फर्निचर्स’ म्हणता येत नाही, म्हणून ‘फर्निचर’ अगणनीय. खुर्च्या मोजता येतात आणि फर्निचर येत नाही, हे तर्काला पटत नसले तरी इंग्रजीची वाटणी अशीच आहे. इथे तर्कावर विसंबू नका, खूण पाहा.

सर्वांत धोक्याची नामे कोणती? मराठीत ज्यांचे अनेकवचन सहज होते आणि इंग्रजीत होत नाही, ती. आपण सल्ले देतो, पुरावे गोळा करतो, बातम्या ऐकतो, दागिने घालतो, केस विंचरतो, पैसे मोजतो. ही सगळी मराठी अनेकवचने आहेत. इंग्रजीत मात्र अॅडव्हाइस, एव्हिडन्स, न्यूज, ज्वेलरी, हेअर, मनी ही सगळी अगणनीय आहेत. म्हणून ‘मेनी अॅडव्हाइसेस’, ‘मेनी एव्हिडन्सेस’, ‘मेनी मनी’ ही तिन्ही रूपे चूक. याच यादीत इन्फर्मेशन, इक्विपमेंट, लगेज, होमवर्क, रिसर्च, ट्रॅफिक, नॉलेज, मशिनरी आणि सीनरी लिहून ठेवा.

यातले एखादे नाम मोजायचेच असेल तर मोजणारा शब्द वेगळा घ्यावा लागतो: ‘अ पीस ऑफ अॅडव्हाइस’, ‘टू पीसेस ऑफ एव्हिडन्स’, ‘अॅन आयटम ऑफ न्यूज’. मग ‘मेनी’ त्या मोजणाऱ्या शब्दाला लागतो: ‘मेनी पीसेस ऑफ एव्हिडन्स’.

काही नामे अर्थ बदलला की गट बदलतात. ‘टाइम’ म्हणजे वेळ असेल तर ‘मच टाइम’. ‘टाइम्स’ म्हणजे खेपा असतील तर ‘मेनी टाइम्स’. ‘रूम’ म्हणजे खोली असेल तर ‘मेनी रूम्स’, आणि मोकळी जागा असेल तर ‘मच रूम’. अनुभवाचे साठलेले ज्ञान म्हणजे ‘मच एक्स्पिरियन्स’, पण आयुष्यात आलेले वेगवेगळे प्रसंग म्हणजे ‘मेनी एक्स्पिरियन्सेस’. नोकरीच्या अर्जात ही शेवटची जोडी फार चुकते. ‘आय हॅव मेनी एक्स्पिरियन्सेस इन टीचिंग’ असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, तुम्ही शिकवतानाचे किस्से सांगणार आहात. शिकवण्याचा अनुभव सांगायचा असेल तर ‘अ लॉट ऑफ एक्स्पिरियन्स’.

सावधान: इंग्रजी स्पेलिंगमधल्या शेवटच्या ‘स’ वर (एस या अक्षरावर) जाऊ नका. ‘न्यूज’ आणि ‘मॅथेमॅटिक्स’ यांच्या शेवटी तो आहे, पण ही नामे एकवचनी चालतात. ‘पीपल’, ‘चिल्ड्रन’, ‘पोलीस’ यांच्या शेवटी तो नाही, पण ती अनेकवचनी आहेत. त्यामुळे ‘मच पीपल’ चूक, ‘मेनी पीपल’ बरोबर.

तपासा: नाम गणनीय असेल तर त्याचे रूपही जुळवा. गट १ नंतर अनेकवचन, गट २ नंतर एकवचन. ‘एव्हरी स्टुडंट्स’ आणि ‘सेव्हरल बुक’ या दोन्ही चुका इथेच पकडायच्या.

## टप्पा २: वाक्य होकारार्थी आहे, नकारार्थी की प्रश्नार्थक?

‘मच’ हा शब्द आपण गरजेपेक्षा जास्त वापरतो. साध्या होकारार्थी वाक्यात तो अवघडलेला वाटतो. ‘आय हॅव मच वर्क’ याचा अर्थ कळतो, पण इंग्रजी बोलणारा माणूस ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’ म्हणेल. नकारात आणि प्रश्नात ‘मच’ मोकळेपणाने वापरा: ‘आय डोन्ट हॅव मच टाइम’, ‘हाउ मच टाइम डू यू नीड?’ त्याच्यापुढे ‘टू’, ‘सो’ किंवा ‘अॅज’ आला तर तो होकारार्थी वाक्यातही अगदी सहज बसतो: ‘टू मच नॉइज’, ‘सो मच वर्क’. औपचारिक लेखनात ‘मच रिसर्च हॅज बीन डन’ असे वाक्य चालते. ‘मेनी’वर एवढी बंधने नाहीत, तो होकारातही चालतो.

‘सम’ आणि ‘एनी’ यांचा पाठ केलेला नियम असा: होकारात ‘सम’, नकारात व प्रश्नात ‘एनी’. नियम उपयोगी आहे, पण अपुरा आहे. त्यात तीन गोष्टी जोडा.

पहिली: काही देऊ करताना किंवा मागताना प्रश्नातही ‘सम’ येतो. ‘वुड यू लाइक सम हेल्प?’, ‘कॅन आय हॅव सम वॉटर?’ इथे उत्तर ‘हो’ येईल अशी अपेक्षा असते.

दुसरी: नकार लपलेला असू शकतो. ‘विदाउट’, ‘हार्डली’, ‘नेव्हर’, ‘रेअरली’ हे शब्द वाक्यात असले तर ‘नॉट’ नसूनही ‘एनी’ येतो: ‘विदाउट एनी हेल्प’, ‘आय हॅव हार्डली एनी टाइम’. ‘इफ’नंतरही बहुधा ‘एनी’च येतो: ‘इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स’.

तिसरी: होकारात आलेला ‘एनी’ म्हणजे ‘कोणताही, वाटेल तो’. ‘एनी चाइल्ड कॅन डू धिस’ म्हणजे हे कोणत्याही मुलाला जमेल.

आता या टप्प्यातली सगळ्यात मोठी चूक. माझ्या मते मराठी लेखणीतून उतरणाऱ्या इंग्रजीची ओळख पटवणारी चूक हीच.

मराठी: कोणताही विद्यार्थी आला नाही.
चूक: एनी स्टुडंट डिड नॉट कम.
बरोबर: नो स्टुडंट केम.

मराठीत ‘कोणताही’ वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि नकार शेवटी येऊन त्याला सांभाळून घेतो. इंग्रजीत तसे होत नाही. ‘एनी’ला नकाराच्या छायेत राहावे लागते, म्हणजे नकार त्याच्या आधी आलेला असावा लागतो. ‘आय डिड नॉट सी एनी स्टुडंट’ चालते, कारण ‘नॉट’ आधी आहे. कर्ताच ‘कोणताही’ असेल तर नकार आणि ‘एनी’ यांची जागा एकटा ‘नो’ घेतो, आणि क्रियापद होकारार्थी होते. ‘नो स्टुडंट डिड नॉट कम’ असे लिहाल तर अर्थ उलटा होईल: न आलेला असा एकही नाही, म्हणजे सगळे आले.

दोघांबाबतही हेच. ‘ते दोघेही आले नाहीत’ याचे ‘बोथ ऑफ देम डिड नॉट कम’ करू नका, ‘नायदर ऑफ देम केम’ करा. ‘नायदर’मध्ये नकार आधीच आहे, त्याला दुसरा जोडू नका.

सावधान: ‘ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास’ हे वाक्य टाळा. त्याचे दोन अर्थ निघतात. कोणीच पास झाले नाही असे सांगायचे असेल तर ‘नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड’. काही झाले, काही नाही असे असेल तर ‘नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड’. मराठी वाक्यातही हा दुहेरीपणा असतो, पण तिथे बोलण्याच्या सुरावरून तो सुटतो. लेखी इंग्रजीत तो तसाच राहतो.

## टप्पा ३: ‘फ्यू’ की ‘अ फ्यू’? आधी हेतू ठरवा

इथे व्याकरण दोन्हीकडे बरोबर असते, बदलतो तो अर्थ. त्यामुळे चूक लाल रेघेने कळत नाही. वाचणारा गैरसमज घेऊन पुढे जातो, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘अ फ्यू’ आणि ‘अ लिटल’ म्हणजे थोडे आहे, आणि तेवढे असणे दखल घेण्याजोगे आहे. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ म्हणजे फारसे नाही, जवळजवळ नाहीच.

एक वाक्य जवळून पाहू. नव्या ठिकाणी राहायला गेलेला कोणी घरी लिहितो: ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर.’ घरच्यांना बरे वाटते, चार ओळखीची माणसे झाली म्हणून. त्याच वाक्यातला ‘अ’ राहून गेला की होते: ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर.’ आता हे एकटेपणाचे पत्र झाले. डॉक्टर ‘देअर इज अ लिटल होप’ म्हणाले तर धीर येतो, ‘देअर इज लिटल होप’ म्हणाले तर धीर सुटतो.

मराठीत ‘थोडे’ आणि ‘फारसे नाही’ हे दोन वेगळे प्रयोग आपण सहज करतो. म्हणून एक सोपी कसोटी वापरा. तुमचे वाक्य मराठीत ‘फारसे… नाही’ असे म्हणता येत असेल तर ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’. ‘थोडे… आहे’ असे म्हणत असाल तर ‘अ’ लावा.

‘फ्यू’ नकाराच्या बाजूचा आहे, हे प्रश्नपुच्छातही (वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नातही, म्हणजे क्वेश्चन टॅगमध्येही) दिसते. ‘फ्यू पीपल न्यू इट’ याला ‘डिड दे?’ लागते, ‘अ फ्यू पीपल न्यू इट’ याला ‘डिडन्ट दे?’. परीक्षेत हा प्रश्न आवडीने विचारला जातो.

आणखी तीन रूपे लक्षात ठेवा. ‘ओन्ली अ फ्यू’ म्हणजे मोजकेच. ‘द फ्यू’ म्हणजे जे काही थोडे आहेत ते: ‘द फ्यू फ्रेंड्स आय हॅव’. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच. यात ‘फ्यू’ पाहून ‘अगदी थोडे’ असा अर्थ लावला तर उत्तर बरोबर उलटे येते.

तपासा: लिहून झाल्यावर प्रत्येक ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ शोधा आणि ‘अ’ हवा होता की नको, ते मराठी कसोटीने ठरवा. ‘अ’ चुकून गळला असेल तर तो इथेच सापडेल.

## टप्पा ४: नामापुढच्या जागा मोजा

‘माझे काही मित्र’, ‘माझे दोन्ही भाऊ’, ‘ही सगळी पुस्तके’. मराठीत हा क्रम सरळ आहे. जसाच्या तसा उतरवला की ‘माय सम फ्रेंड्स’, ‘माय बोथ ब्रदर्स’, ‘दीज ऑल बुक्स’ होते, आणि तिन्ही चुकतात.

इंग्रजीत नामापुढे तीन जागा आहेत.

1. पहिली जागा: ऑल, बोथ, हाफ.
2. मधली जागा: द, धिस, दीज, माय, हिज, तसेच सम, एनी, नो, ईच, एव्हरी, आयदर, नायदर, इनफ.
3. तिसरी जागा: मेनी, फ्यू, लिटल, सेव्हरल आणि टू, थ्री अशा संख्या.

मधल्या जागेत एका वेळी एकच शब्द बसतो. या नियमाने वरच्या चुका आपोआप उलगडतात. ‘माय’ आणि ‘सम’ दोघेही मधल्या जागेचे, म्हणून शेजारी बसू शकत नाहीत. एकाला ‘ऑफ’च्या मदतीने पुढे न्यावे लागते: ‘सम ऑफ माय फ्रेंड्स’. ‘बोथ’ पहिल्या जागेचा, म्हणून तो ‘माय’च्या आधी: ‘बोथ माय ब्रदर्स’. ‘ऑल’सुद्धा पहिल्या जागेचा: ‘ऑल दीज बुक्स’. ‘मेनी’ तिसऱ्या जागेचा आहे, म्हणून ‘माय मेनी मिस्टेक्स’ बरोबर आणि ‘मेनी माय मिस्टेक्स’ चूक.

एक अपवाद ठळकपणे वेगळा आहे: ‘हिज एव्हरी वर्ड’, म्हणजे त्याचा शब्द न् शब्द. ‘एव्हरी’ इथे ‘हिज’नंतर येतो. ‘एव्हरी’ संख्येच्या आधीही येतो आणि मग नाम अनेकवचनी होते: ‘एव्हरी टू डेज’ म्हणजे दर दोन दिवसांनी, ‘एव्हरी फ्यू मिनिट्स’ म्हणजे दर काही मिनिटांनी. टप्पा १ मधला ‘एव्हरीनंतर एकवचन’ हा नियम इथे लागू होत नाही, कारण दोन दिवस मिळून एकच मुदत मानली जाते.

‘इनफ’ची जागा वेगळी लक्षात ठेवा. नामाच्या आधी, पण विशेषणाच्या नंतर: ‘इनफ टाइम’, पण ‘ओल्ड इनफ’. ‘टू मच’ नामाआधी येतो, ‘मच टू’ विशेषणाआधी: ‘टू मच नॉइज’, ‘मच टू लाउड’.

## टप्पा ५: ‘ऑफ’ हवा की नको?

नियम एका वाक्यात मावतो. नामापुढे ‘द’, ‘दीज’, ‘माय’ असा शब्द असेल, किंवा नामाऐवजी ‘देम’, ‘अस’ असे सर्वनाम असेल, तर ‘ऑफ’ लावा. नसेल तर लावू नका.

चूक: मोस्ट ऑफ स्टुडंट्स, मोस्ट द स्टुडंट्स, द मोस्ट ऑफ द स्टुडंट्स.
बरोबर: मोस्ट स्टुडंट्स, मोस्ट ऑफ द स्टुडंट्स.

या दोन बरोबर रूपांत फरक आहे. ‘मोस्ट स्टुडंट्स’ म्हणजे एकूणच बहुतेक विद्यार्थी, जगात कुठलेही. ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स’ म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलणे चालले आहे त्या गटातले बहुतेक. प्रदेशांची नावे नियमाबाहेर आहेत, तिथे ‘द’ नसला तरी ‘ऑफ’ येतो: ‘मोस्ट ऑफ युरोप’.

‘ऑल’, ‘बोथ’, ‘हाफ’ यांना ‘द’ किंवा ‘माय’ यांच्या आधी ‘ऑफ’ ऐच्छिक आहे: ‘ऑल द बुक्स’ किंवा ‘ऑल ऑफ द बुक्स’. सर्वनामाआधी मात्र तो सक्तीचा: ‘ऑल ऑफ अस’, ‘बोथ ऑफ देम’.

‘नो’ आणि ‘एव्हरी’ ‘ऑफ’ घेतच नाहीत. ‘नो ऑफ देम’ ऐवजी ‘नन ऑफ देम’, ‘एव्हरी ऑफ देम’ ऐवजी ‘एव्हरी वन ऑफ देम’. याउलट ‘अ लॉट ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’, ‘अ कपल ऑफ’, ‘अ नंबर ऑफ’ यांच्यात ‘ऑफ’ कायमचा आहे, नामाआधी तो सुटत नाही. ‘अ लॉट पीपल’ चूक.

सावधान: ‘वन ऑफ माय फ्रेंड’ कधीही लिहू नका. ‘ऑफ’नंतर पूर्ण गट येतो, एक जण त्यातून निवडला जातो. म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. ‘ईच ऑफ द स्टुडंट्स’, ‘आयदर ऑफ द बुक्स’ यांतही ‘ऑफ’नंतर अनेकवचनच येते.

‘ऑलमोस्ट’ला ‘मोस्ट’ समजू नका. ‘ऑलमोस्ट पीपल’ याला अर्थ नाही. ‘ऑलमोस्ट ऑल पीपल’ म्हणा किंवा नुसते ‘मोस्ट पीपल’.

## टप्पा ६: क्रियापद जुळवा

इथवर सगळे बरोबर आले आणि क्रियापदाने घात केला, असे फार वेळा होते. कारण क्रियापदाशेजारचे नाम डोळ्यांना दिसते, आणि हात त्याच्याशी जुळवून मोकळा होतो.

‘ईच’ आणि ‘एव्हरी’ यांना एकवचनी क्रियापद. ‘ईच ऑफ द स्टुडंट्स हॅज अ बुक’ यात ‘स्टुडंट्स’ अनेकवचनी आहे, पण क्रियापद ‘ईच’कडे पाहते. दोन नामे आली तरी एकवचनच: ‘एव्हरी बॉय अँड एव्हरी गर्ल इज रेडी’. मात्र ‘ईच’ कर्त्याच्या मागे गेला की त्याची हुकमत संपते: ‘द स्टुडंट्स ईच हॅव अ बुक’.

‘मोस्ट ऑफ’, ‘सम ऑफ’, ‘ऑल ऑफ’, ‘हाफ ऑफ’, ‘अ लॉट ऑफ’ यांच्या बाबतीत उलटे. इथे ‘ऑफ’नंतरच्या नामाकडेच पाहायचे: ‘मोस्ट ऑफ द वर्क इज डन’, ‘मोस्ट ऑफ द बुक्स आर न्यू’.

‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ ही जोडी परीक्षेत आणि कार्यालयीन पत्रांत सारखीच फसवते. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अॅब्सेंट’, म्हणजे बरेच विद्यार्थी गैरहजर आहेत. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल’, म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या कमी आहे. पहिल्यात बोलणे विद्यार्थ्यांबद्दल आहे, दुसऱ्यात संख्येबद्दल. अगणनीय नामासाठी ‘नंबर’ नाहीच, ‘अमाउंट’ घ्या: ‘अ लार्ज अमाउंट ऑफ मनी’.

‘नन ऑफ’ आणि अनेकवचनी नाम आले तर एकवचनी आणि अनेकवचनी, दोन्ही क्रियापदे आज स्वीकारली जातात. परीक्षेत आणि औपचारिक पत्रात एकवचन घ्या, कोणी खोड काढणार नाही. ‘नायदर ऑफ’ लाही हाच सल्ला. नाम अगणनीय असेल तर पर्यायच नाही, एकवचनच: ‘नन ऑफ द मनी इज लेफ्ट’.

‘मोअर दॅन वन स्टुडंट’ अर्थाने अनेक असले तरी क्रियापद एकवचनी: ‘हॅज फेल्ड’.

तपासा: ‘देअर’ने सुरू होणारी वाक्ये वेगळी वाचा. त्यांत कर्ता क्रियापदानंतर येतो, म्हणून ‘देअर इज मेनी प्रॉब्लेम्स’ नकळत लिहिले जाते. ‘देअर आर’ हवे.

## टप्पा ७: तुलना

हा टप्पा छोटा आहे. गणनीयला ‘फ्यूअर’, अगणनीयला ‘लेस’: ‘फ्यूअर मिस्टेक्स’, ‘लेस टाइम’. बोलताना ‘लेस पीपल’ ऐकू येते, पण लेखनात ‘फ्यूअर’च ठेवा. अंतर, मुदत आणि रक्कम यांना मात्र ‘लेस दॅन’ लागते, कारण तिथे एकेक गोष्ट न मोजता एकूण माप पाहिले जाते: ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’, ‘लेस दॅन टेन इयर्स’.

‘कमी वेळ’ सांगताना ‘लेसर टाइम’ लिहू नका, तिथे ‘लेस टाइम’ हवे. ‘लेसर’ दर्जा किंवा महत्त्व कमी असल्याचे सांगतो, प्रमाण सांगत नाही.

‘आणखी कितीतरी’ म्हणताना पुन्हा पहिल्या टप्प्याकडे जा: ‘मेनी मोअर बुक्स’, पण ‘मच मोअर टाइम’. ‘मच मोअर बुक्स’ चूक.

## सगळे टप्पे एका उताऱ्यावर

आता हा उतारा दुरुस्त करू:

‘माय बोथ ब्रदर्स आर टीचर्स. देअर स्कूल हॅज मच स्टुडंट्स, बट फ्यू टीचर्स. मोस्ट ऑफ स्टुडंट्स नीड अ लॉट हेल्प. ईच ऑफ द क्लासरूम हॅव लेस चेअर्स दॅन बिफोर. माय ब्रदर्स आस्क्ड फॉर सम इक्विपमेंट्स. एनी रिप्लाय डिड नॉट कम.’

पहिले वाक्य. ‘बोथ’ पहिल्या जागेचा, म्हणून ‘बोथ माय ब्रदर्स आर टीचर्स’.

दुसरे. ‘स्टुडंट्स’ गणनीय, म्हणून ‘मच’ जातो आणि ‘मेनी’ किंवा ‘अ लॉट ऑफ’ येतो. ‘फ्यू टीचर्स’ला हात लावण्याआधी हेतू विचारा. मुले भरपूर आणि शिक्षक अपुरे, असेच सांगायचे आहे. ‘बट’ही त्याच बाजूला बोट दाखवतो. म्हणून ‘फ्यू’ बरोबर आहे, तो तसाच ठेवा. इथे सवयीने ‘अ’ घातला असता तर तक्रारच पुसली गेली असती.

तिसरे. ‘ऑफ’ आहे, पण त्यानंतर ‘द’ नाही. याच शाळेतल्या मुलांबद्दल बोलणे चालले आहे, म्हणून ‘ऑफ’ काढण्याऐवजी ‘द’ घाला: ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स’. पुढे ‘अ लॉट हेल्प’मध्ये ‘ऑफ’ गळला आहे. पूर्ण वाक्य: ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स नीड अ लॉट ऑफ हेल्प’.

चौथ्यात तीन चुका एकत्र आहेत. ‘ईच ऑफ द’नंतर अनेकवचन हवे, क्रियापद एकवचनी हवे, आणि खुर्च्यांना ‘फ्यूअर’ हवे: ‘ईच ऑफ द क्लासरूम्स हॅज फ्यूअर चेअर्स दॅन बिफोर’.

पाचवे. ‘इक्विपमेंट’ अगणनीय, शेवटचा ‘स’ काढा. ‘सम’ दोन्ही प्रकारांत चालतो, त्याला बदलायचे कारण नाही.

सहावे. कर्ता ‘एनी’ आणि नकार त्याच्या मागे. ‘नो रिप्लाय केम’ केले की व्याकरण सुधारते. पत्रात मात्र ‘देअर वॉज नो रिप्लाय’ किंवा ‘दे डिड नॉट गेट एनी रिप्लाय’ अधिक सहज वाटेल. या शेवटच्या वाक्यात ‘एनी’ राहिला तरी चालतो, कारण ‘नॉट’ आता त्याच्या आधी आला आहे.